सुमिदाच्या काठाकाठानं

टोकियो,
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, रात्री

प्रिय सुहास,

पायाचे तुकडे पडलेत, पण तुला लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही. आज सुट्टी होती. ठरवलं, आज मेट्रोत पाऊल ठेवायचं नाही. सकाळी असाकुसाहून निघालो आणि सुमिदा नदी धरून दुपार कलताना त्सुकिजीला पोचलो. आठ-नऊ किलोमीटर सहज झाले असतील. तू चित्रकलेचा मास्तर. शेवटी जे दिसलं ते आधी तुलाच सांगायला हवं.

असाकुसाचं सेन्सोजी हे टोकियोतलं सगळ्यात जुनं देऊळ. कथा अशी, की सन ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात याच नदीतून कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. अरे, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला आपला पद्मपाणी! मूर्ती मात्र कुणालाच दाखवत नाहीत. लोक बंद गाभाऱ्यासमोर हात जोडतात आणि जातात. देवळापुढे धुपाचं भलंमोठं पात्र आहे. आपण आरतीवर हात फिरवून डोळ्यांना लावतो ना, तसे लोक तो धूर ओंजळीत घेऊन दुखऱ्या जागी लावतात. एक आजी कितीतरी वेळ खांद्यावर धूर घेत होत्या. मीही तुझं नाव घेऊन माझ्या उजव्या गुडघ्याला लावला. तुझा तोच दुखतो ना?

पण मी खिळलो ते आवारातल्या जिन्कोच्या झाडापाशी. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. हे देऊळही तेव्हा जळलं. आत्ताचं १९५८ साली काँक्रीटमध्ये उभारलेलं. झाड तेवढं वाचलं. जवळ गेलो तर बुंध्याच्या पोटात कोळशासारखं काळं लाकूड दिसतं. जुनी साल दोन्ही बाजूंनी त्या जखमेवर येत आली आहे, पण मिटवू शकलेली नाही. आणि वर बघ तर सगळं झाड हळदीसारखं पिवळं! खाली पडलेलं एक पान पाकिटात घातलंय. छोट्या पंख्यासारखं आहे, जपून काढ.

मग नदीकाठची पायवाट धरली. इथले पूल वेगवेगळ्या रंगांचे: लाल, निळा, हिरवा, पिवळा. पिवळा तो कुरामाए. तिथे शोगुनांची, म्हणजे जुन्या लष्करी राज्यकर्त्यांची, तांदळाची कोठारं होती आणि त्यांच्या सामुराई योद्ध्यांचा पगार तांदळातच व्हायचा, म्हणून पुलाला भाताचा रंग.

तो ओलांडून योकोआमिचो बागेत गेलो. तिथे फारसे पर्यटक नव्हते. १ सप्टेंबर १९२३, दुपारी ११ वाजून ५८ मिनिटं. घरोघरी चुली पेटलेल्या, आणि भूकंप झाला. जीव वाचवायला लोक या मोकळ्या मैदानावर आले, येताना गाद्या, गाठोडी, कपाटं घेऊन आले. आगीची वावटळ त्या सामानावर उतरली. या एका मैदानात सुमारे ३८ हजार माणसं जळाली. बागेत त्या आगीतल्या वस्तू ठेवल्यात. त्यात खिळ्यांचा एक ढेकूळ आहे, वितळून एकजीव झालेला. कडेला मात्र एकेक खिळ्याचं डोकं वेगळं ओळखू येतं. मला तिथून हलवेना. अफवांवरून त्या दिवसांत कोरियन माणसांच्या कत्तली झाल्या, त्यांचा स्मृतिदगडही इथेच आहे, १९७३ चा. तो इथे आहे हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

तिथलं स्मारक १९३० चं, इतो चुता या वास्तुरचनाकारानं बांधलेलं. हे नाव लक्षात ठेव.

पुढे बराच वेळ नुसता चालत होतो. एका बाकावर बसून भाताचे दोन ओनिगिरी खाल्ले, एइताई पूल ओलांडला, आणि त्सुकिजीला एका कोपऱ्यावर वळलो तर समोर अजिंठा!

खरंच सांगतो. होंगान्जी नावाचं मंदिर, आणि दर्शनी भागावर चैत्याची कमान. एकोणिसाव्या लेण्यावरच्या गवाक्षाची आठवण व्हावी अशी, वर टोकाला निमुळती, पिंपळपानासारखी. दोन्ही बाजूंना स्तूप. मागे काचेच्या इमारती, पुढे गाड्यांचा रस्ता. पाटी वाचली तर तोच इतो चुता! १९०२ मध्ये तो घरून निघाला आणि तीन वर्षं चीन, ब्रह्मदेश, भारत, तुर्कस्तान असा फिरला. १९२३ च्या आगीत इथलं जुनं मंदिर जळालं, तेव्हा त्यानं नवं उभारलं ते हे, १९३४ साली. जळालेल्या जागी त्याला आपल्याकडचा दगडी आकार आठवला, याचंच मला भरून आलं. आत जिन्याच्या कठड्यांवर दगडी प्राणी बसलेत. हत्तीच्या कपाळावर मी हात ठेवला, गार होतं.

बाहेर पायऱ्यांवर अंधार पडेपर्यंत बसलो. नववीची सहल डोळ्यांसमोर आली. तो आरसा घेऊन उन्हाचा कवडसा लेण्यात टाकणारा माणूस, आणि कवडसा हलला की 'काका, थांबा ना!' म्हणून ओरडणारा तू, मांडीवर वही घेऊन पद्मपाणी काढत बसलेला. ती वही अजून आहे का रे? असेल तर त्या पानाचा फोटो पाठव. आणि गुडघ्याचं कळव.

वहिनींना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझा,
मिलिंद