मामा फुआचं बाळ कुठे असतं?

मा. संपादक, स.न.

आपल्या रविवार पुरवणीतला आफ्रिकेतल्या नोकरदार स्त्रियांवरचा लेख वाचला. बँकेत, कोर्टात काम करणाऱ्या बायकांची घर सांभाळतानाची ओढाताण त्यात चांगली आली आहे. पण मिस्टरांच्या नोकरीमुळे मी सात वर्षं नैरोबीत काढली. ज्या बाईच्या जिवावर तिथली घरं चालतात, ती लेखात कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

तिला तिकडे 'मामा फुआ' म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई आणि फुआ म्हणजे कपडे धुणं. पार्कलँड्समध्ये आमच्या बिल्डिंगच्या फाटकाबाहेर सकाळी सातपासून पाच-सहा जणी बसून असत. वॉचमन जिला हाक मारेल तिला त्या दिवसाचं काम. आमच्याकडची मथारेच्या वस्तीतून चालत यायची, पाच महिन्यांचं बाळ पाठीशी लेसोत, म्हणजे तिकडच्या रंगीत सुती कापडात, बांधून. ती बाथरूममध्ये ओणवी होऊन चादरी घासायची आणि प्रत्येक हिसक्याला बाळाची मान हलायची. मी म्हटलं, पलंगावर ठेव त्याला. ठेवलं, पण ओले हात पुसत दर पाच मिनिटांनी डोकावून जायची.

बाळ घेऊन येणारीला बरीच घरं दारातूनच परत पाठवतात. मग तिने त्याला वस्तीतल्या 'बेबी केअर'मध्ये ठेवायला सुरुवात केली, दिवसाला ५०-१०० शिलिंग देऊन. एकदा मी सोबत गेले. पत्र्याची एक खोली, भर दुपारी अंधार, पंधरा-वीस मुलं आणि सांभाळायला एक बाई. त्या बाईला दोष द्यायला माझं मन धजत नाही, तीही त्यातूनच आपलं घर चालवत होती. आजी म्हणाल, तर ती दूर किसुमूकडे गावी.

केनियाचा कायदा वाईट नाही. २००७ च्या कायद्याने आईला तीन महिने भरपगारी रजा आहे, बापाला दोन आठवडे. २०१७ च्या आरोग्य कायद्याने कामाच्या जागी स्तनपानासाठी खोली ठेवणं मालकावर बंधनकारक केलं. पण रोज फाटकाशी नवा मालक शोधणाऱ्या बाईने रजा मागायची कोणाकडे? बाळंतपणानंतर तीन आठवड्यांतच आपण कामाला लागलो, असं तिनेच मला सांगितलं.

बाळाला न्यूमोनिया झाला तेव्हा धावून आला तो तिचा 'चामा', म्हणजे आपली भिशीच. तिचा नंबर नसतानाही बायकांनी त्या आठवड्याची सगळी रक्कम तिच्या हातात ठेवली.

लेखात उपाय म्हणून घरच्यांचा पाठिंबा आणि वेळेचं नियोजन सुचवलं आहे. या बायकांना हवं आहे ते परवडणारं, उजेडाचं पाळणाघर, बाजाराला आणि वस्तीला लागून, शहराच्या खर्चाने. नैरोबीच्या वाकुलिमा मार्केटमध्ये पहाटे भाजी उचलायला 'मामा म्बोगा', म्हणजे भाजीवाल्या बायका, येतात. त्यांचीही मुलं त्या वेळी कुठेतरी असतातच. या विषयावर पुढचा लेख करणार असाल, तर कृपया तिथून करावा.

आपली एक वाचक,
पुणे