आवाहन : व्यसनमुक्ती कक्षाच्या कूपन निधीसाठी

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात वस्तीतलीच एक आई वाचनालयामागच्या खोलीत आली. मुलाने एमडी (मेफेड्रोन ही उत्तेजक नशा) सोडून चार दिवस झाले होते. तो नुसता झोपत होता. उठला की पातेलेभर भात खायचा, पुन्हा आडवा. "सुटलं ना हो आता?" तिने विचारले. खरी परीक्षा त्या झोपेनंतर असते. मन खचते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, तल्लफ तर आठवडेच्या आठवडे छळते. गर्दवर (हेरॉइनवर) निदान बुप्रेनॉर्फिनसारखे औषध आहे; मेथ (मेथॅम्फेटामिन, हीही उत्तेजक नशाच) किंवा एमडीची तल्लफ घालवणारे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. म्हणून समुपदेशन, घरच्यांची साथ आणि कूपन.

हो, कूपनच! लघवीची तपासणी स्वच्छ आली की किराण्याचे कूपन, दर वेळी थोडे वाढीव. घसरला की पुन्हा पहिल्या रकमेपासून. मेथ, कोकेनच्या व्यसनात हीच पद्धत सर्वांत परिणामकारक ठरली आहे. गेल्या सभेत यावर "गर्दुल्ल्यांना बक्षिसं वाटताय का?" असे विचारले गेले. विचारणाऱ्यांनी दहीहंडीला किती दिले, ते पावतीपुस्तकात आहे. असो.

मदत करणारेही आपलेच. गिरणीवाल्या आजोबांनी भाडे न घेता खोली दिली, वर पंखा स्वतः उभे राहून बसवून घेतला. मेडिकलवाल्या शेठनी लघवी तपासणीची पहिली किट उधारीवर दिली आणि उधारीचा विषय आजतागायत काढलेला नाही. पोळीभाजी केंद्राच्या ताई दर शनिवारी, मुले बसलेली असतात म्हणून, न सांगता डबा पाठवतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली सुरू झाले तेही पुलं-सुनीताबाईंच्या देणगीच्या आधारानेच. आपण त्यांच्या पासंगाला पुरणार नाही, पण आजोबांचा पंखा आम्हाला तेवढाच मोठा आहे.

आता किट संपत आली आहेत (एमडीसाठी वेगळी लागते, साध्या किटमध्ये ते बहुधा सापडत नाही), कूपनची पेटी रिकामी आहे आणि समुपदेशक ताईंचे दोन महिन्यांचे मानधन थकले आहे.

रोख वा धनादेश (मंडळाच्या नावे) खजिनदारांकडे, रोज सायं. 7 ते 9, रविवार बंद. पावती घ्यावी. किराणा दुकानदारांनी कूपन स्वीकारण्यासाठी नाव द्यावे. रुग्णांची नावे वहीत लिहिली जात नाहीत. रात्री-अपरात्री राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. जिवाला धोका वाटला तर थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

आपला,
सचिव