बोपण्णाचे गुडघे आणि आपली घाई

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेनिसपटू रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर त्याच्याविषयी जे जे छापून आलं, ते मी जपून ठेवलं आहे. आपल्या क्रीडा पानासकट जवळपास सगळीकडे कथा एकाच चालीवर सांगितली गेली. गुडघ्यातली गादी संपली, त्याने योग सुरू केला, गुडघे बरे झाले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी तो दुहेरीत जगात पहिला आला. मी अय्यंगार पद्धतीने योग शिकवते, कोथरूडला माझा वर्ग आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गुडघ्याची तक्रार सांगणारेच अधिक. बोपण्णाबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ही कथा अशी आखूड करून सांगितल्याचे परिणाम मी रोज पाहते आहे, म्हणून लिहिते.

हल्ली माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांची टेनिस खेळणारी मुलं-मुली येतात. सोबत आई किंवा बाबा असतात. पहिलंच वाक्य असतं, "मॅडम, बोपण्णा करायचा ती आसनं शिकवा, पंधरा दिवसांवर स्पर्धा आहे." मूल कोपऱ्यात एका पायावर भार देऊन उभं असतं. मी गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या माथ्यावर बोट ठेवलं की ते कळवळतं. या वयात हाडं भराभर वाढतात, मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो आणि तो जिथे नडगीला येऊन जोडला जातो तिथे ठणका लागतो. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की खेळ कमी करा, विश्रांती द्या. पण क्रमवारीच्या गुणांसाठी दर आठवड्याला नवं गाव, नवं कोर्ट ठरलेलंच असतं. मग विश्रांतीऐवजी आसन हवं असतं.

या पालकांना मी बोपण्णाची कारकीर्द सांगते, वर्षांसकट. मुलगा एखादा वैयक्तिक खेळ खेळावा अशी वडिलांची इच्छा होती, म्हणून कूर्गमधल्या कॉफीच्या मळ्यातला हा पोरगा अकराव्या वर्षी टेनिसकडे वळला. तरुणपणी तो पुण्यात प्रशिक्षक नंदन बाळ यांच्याकडे सराव करायला होता. २००२ मध्ये डेव्हिस चषकात, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या स्पर्धेत, उतरला. एकेरीत २००७ साली २१३व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, त्याच्या वर कधी गेला नाही. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीची पहिली अंतिम फेरी २०१० च्या अमेरिकन ओपनमध्ये, पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीसोबत, वयाच्या तिसाव्या वर्षी. ब्रायन बंधूंविरुद्ध दोन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले आणि दोन्ही हातचे गेले. पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद २०१७ साली फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत, कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसोबत, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. पुरुष दुहेरीचं त्यानंतर जवळजवळ सात वर्षांनी आलं. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, मॅथ्यू एब्डनसोबत त्याने बोलेली आणि वावासोरी या इटालियन जोडीला ७-६, ७-५ असं हरवलं. चौदाव्या वर्षी हा मुलगा कितवा होता, हे आज कुणी विचारतही नाही.

आता गुडघ्यांविषयी. कूर्चा, म्हणजे सांध्यातली ती गादी, एकदा झिजली की आसनांनी ती परत उगवत नाही. हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगते, मग तो सत्तरीचा असो की सतराचा. बोपण्णानेही आपली गादी भरून आली असं कधी म्हटलेलं नाही. गुडघ्यात कूर्चा उरली नाही आणि दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन आपण खेळत होतो, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं आहे. टाळेबंदीच्या काळात, चाळिशीला आल्यावर, त्याने अय्यंगार योग धरला. आठवड्यातून चार वेळा, दर वेळी दीड तास. आमच्या पद्धतीत एकेका स्थितीत बराच वेळ थांबायचं असतं. पट्टा, वीट, उशी, खुर्ची, भिंतीवरचे दोर यांचा आधार घ्यायचा, म्हणजे दुखऱ्या सांध्यावर भार न टाकता त्याच्याभोवतीचे स्नायू कामाला लागतात. वीरासनात नितंबांखाली वीट देऊन आणि गुडघ्याच्या खाचेत कापडाची गुंडाळी ठेवून माणसाला नुसतं बसवायचं म्हटलं, तरी नीट जमायला महिनोन् महिने जातात. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत मी शिकत होते, तेव्हा एका आसनात पावलाची करंगळी जमिनीला कशी टेकते एवढ्यावर अख्खा तास गेलेला मला आठवतो.

आणि फळ लगेच मिळालं का? नाही. २०२१ चे पहिले पाच महिने त्याने एकही सामना जिंकला नव्हता. पत्नीला व्हिडिओ संदेश पाठवून आता थांबावं म्हणतो असं त्याने सांगितलं होतं, हे त्यानेच मेलबर्नच्या कोर्टवर सांगितलं. म्हणजे योग सुरू झाला, गोळ्या सुटल्या, तरी हरणं चालूच होतं. पालकांना ऐकवावी अशी खरी गोष्ट ती आहे, पण कात्रणांत ती एका ओळीत संपते.

दुहेरीमुळे त्याचं खेळातलं आयुष्य वाढलं, हेही स्पष्ट सांगायला हवं. अर्धं कोर्ट सांभाळायचं, सर्व्हिस आणि व्हॉलीवर गुण लवकर संपवायचा, आणि बहुतेक स्पर्धांत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. गुडघ्यांना हे एकेरीपेक्षा सोसतं. त्यात कमीपणा काय आहे? जानेवारी २०१९ मध्ये बालेवाडीला त्याने आणि दिविज शरणने महाराष्ट्र ओपन जिंकली, तेव्हा मी भाच्याला घेऊन गेले होते. नेटजवळ चेंडू येण्याआधीच तो जिथे उभा असायचा, ते पाहून माझा भाचा एकेरी विसरला. २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसोबत त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. २०२३ नंतर ती स्पर्धाच पुण्यातून गेली, हाँगकाँगला. याचं दुःख शहराने फारसं केलं नाही, मला मात्र आजही वाटतं.

आपल्या श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेची गोष्टही यात आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीतून बोपण्णा लवकर बाहेर पडला होता. ३० सप्टेंबर २०२३ रोजी मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात या दोघांनी तैवानच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावला, पुढचा ६-३ जिंकला आणि टायब्रेकर १०-४. ऋतुजा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिच्या बाजूला उभा होता त्रेचाळीस वर्षांचा माणूस, आणि सुवर्णपदक दोघांचं होतं. त्या दिवशी आपल्या पानावर क्रिकेटखाली ती बातमी होती. संपादक महोदय, ऋतुजाची सविस्तर मुलाखत घ्या. तिथवर पोहोचायला तिला किती वर्षं लागली, मधल्या काळात दुखापती कशा सांभाळल्या, हे तिच्या तोंडून छापा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या आयांना ते वाचायला हवं आहे.

माझ्याकडून एवढं करू शकते: रविवारी सकाळी सोळा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी मी विनाशुल्क वर्ग घेते, तो पुढेही चालू राहील. पालकांनी येताना डॉक्टरांचा कागद आणावा. स्पर्धा तोंडावर आली असेल, तर ती होऊन गेल्यावर या.

आपली वाचक,
एक योगशिक्षिका, कोथरूड, पुणे