विहिरीवरचे नव्हे, बोटीतले इंजिन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत खानदेशातील जुन्या शेतीयंत्रांविषयी आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. लेख परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे, आणि मोट गेल्यानंतर व वीज येण्यापूर्वीच्या काळात तापी-गिरणेच्या काठची शेती ज्या इंजिनांनी भिजवली त्यांची कोणीतरी आठवण ठेवली, याचे मला मनापासून समाधान वाटले. मात्र शिंदखेडा तालुक्यातील एका शेतात घेतलेल्या छायाचित्राखाली ‘विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन’ अशी जी ओळ छापली गेली आहे, ती दुरुस्त व्हावी अशी माझी विनंती आहे. ते इंजिन विहिरीसाठी घडवलेले नाही. ते बोटीच्या पोटात बसवण्यासाठी केलेले सागरी इंजिन आहे, आणि त्यातही आपल्या भागात अगदी क्वचित दिसणाऱ्या जातीचे आहे.

केवळ छायाचित्रावरून असे विधान करणे मला योग्य वाटले नाही, म्हणून गेल्या आठवड्यात मी प्रत्यक्ष त्या शेतावर गेलो. चाळीस वर्षे मी डिझेल इंजिने उघडली आणि बांधली, त्यामुळे हात लावल्याशिवाय माझे समाधान होत नाही. शेतमालकांनी आपुलकीने सर्व दाखवले. “हाई मशीन मन्हा आजानी मुंबईथीन आनेल शे,” एवढेच त्यांना ठाऊक होते. आजोबांनी ते मुंबईच्या दारूखाना या जहाजे तोडणाऱ्या भागातील भंगारातून घेतले, तापीच्या काठावर बसवून नदीचे पाणी उपसण्यासाठी चालवले आणि वीज आल्यावर ते गोठ्यामागे सरकवले, असे घरात सांगितले जाते.

आपल्याकडचे शेतीचे इंजिन कसे असते, हे जुन्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. इंग्लंडमधील डर्सली येथील लिस्टर कंपनीचे सहा अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याच्या राजकोटकडे झालेल्या नकला आपण गावोगाव पाहिल्या आहेत. दोन्ही बाजूंना दोन मोठी उघडी चाके, खाली सपाट बैठक, शेजारी पाण्याची टाकी, मिनिटाला 650 फेरे आणि दूरवर ऐकू जाणारा ठोका, अशी त्याची ओळख. बोटीतल्या इंजिनाची घडण याहून वेगळी असते, कारण त्याला राहायची जागा वेगळी असते. त्याचे चाक बहुधा एकच आणि पुढच्या अंगाला असते. बोटीत ते दोन लांब लाकडी तुळयांच्या मध्ये बसते, त्यामुळे त्याचे पाय तळाशी नसून दोन्ही कुशींवर, क्रँकच्या उंचीच्या आसपास निघालेले असतात. बोटीच्या बंद पोटात तापलेला धुराडा उघडा ठेवणे धोक्याचे, म्हणून धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड दुहेरी भिंतीचा करून त्यातून पाणी फिरवलेले असते. खाली हात शिरत नाही, म्हणून ऑइल काढण्यासाठी कुशीला छोटा हातपंप असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागे लांब दांडा असलेली गियरपेटी असते, कारण बोटीला ब्रेक नसतो आणि थांबायचे झाल्यास पाण्यातला पंखा उलटा फिरवण्यावाचून इलाज नसतो. विहिरीवरच्या पंपाला उलट फिरण्याचे कारणच काय?

छायाचित्रातील इंजिनाला ही गियरपेटी आहे. पंख्याच्या दांड्याच्या जागी आजोबांनी पंपाचे कपलिंग बसवून घेतले होते आणि गियरचा दांडा एकाच बाजूला लोखंडी पट्टीने कायमचा बांधून टाकला होता. हेच छायाचित्र मी धडगावकडे नर्मदेच्या फुगवट्यात डिझेल बोट चालवणाऱ्या एका परिचिताला दाखवले, तेव्हा त्याने काही न विचारता त्या दांड्यावर बोट ठेवले.

आता ते कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न उरला. पितळी पाटी कधीच काढली गेली आहे, तिच्या खिळ्यांची चार भोके तेवढी राहिली आहेत. अशा वेळी लोक दिसेल त्या अक्षरांवरून नाव ठरवतात आणि तेथेच फसतात. या इंजिनाच्या डिझेल पंपावर मायकोची खूण आहे. पण बंगळूरची ती कंपनी 1951 मध्ये स्थापन झाली आणि तिचे पंप पुढे कित्येक विलायती इंजिनांवर जुन्या पंपांच्या जागी बसवले गेले. पंपावरचे नाव पंपाचे असते. तसेच ओतकामात उठवलेला आकडा हा साच्याचा असतो, इंजिनाचा नव्हे. एकाच साच्यातून शेकडो इंजिने निघतात. इंजिनाचा स्वतःचा क्रमांक ठोकून कोरलेला असतो आणि तो बहुतेक वेळा ग्रीस व रंगाच्या थरांखाली दडलेला असतो.

म्हणून मी मोजमापाकडे वळलो. एका सिलिंडरचे हेड, म्हणजे वरचे झाकण, आधीच उतरवलेले होते आणि सुदैवाने इंजिन जाम झालेले नव्हते. कॅलिपरने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला तो सहा इंच भरला. चाक पहारीने फिरवून पिस्टन वर-खाली नेला तेव्हा स्ट्रोक, म्हणजे त्याची चाल, नऊ इंच निघाला. लिस्टरच्या त्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा बोअर साडेचार आणि स्ट्रोक साडेपाच इंच असतो, त्यामुळे तुलना करण्याचे कारणच उरले नाही. बोल्टांना व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा पाना अचूक बसला. या मापाच्या बोल्टांचे आटे 55 अंशांचे असतात, तर मेट्रिक आणि अमेरिकी आटे 60 अंशांचे. त्यामुळे यंत्र ब्रिटिश असावे, हे येथेच जवळजवळ ठरले.

खरा पुरावा मात्र हेडवर होता. डिझेलच्या नोझलबरोबरच प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लगचे भोक होते, आणि बाजूला ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो व छोटा कार्बोरेटर बसवण्याची जागा होती. डिझेल इंजिनाला प्लग कशाला, असे कोणीही विचारील, आणि शेतमालकांच्या घरी आलेल्या एका कारागिराने तर ‘कोणीतरी पेट्रोल इंजिनाचे जोडकाम केलेले आहे’ असे सांगून ते निकामी ठरवले होते. ते जोडकाम नाही. ग्लासगो शहरातील बर्जियस कंपनीच्या केल्व्हिन या सागरी इंजिनांच्या के मालिकेची हीच तर ओळख आहे. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक जादा पोकळी असते. तिच्यासाठीचा दांडा वळवला की ती उघडते, दाब कमी होतो, आणि एवढे अवजड इंजिन हँडल मारून पेट्रोलवर, ठिणगीच्या साहाय्याने सुरू करता येते. ते थोडे तापले की दांडा परत वळवायचा. पोकळी बंद होते, दाब वाढतो आणि इंजिन डिझेल घेऊ लागते. बॅटरी आणि स्टार्टर यांच्यावर भरवसा नसलेल्या मच्छीमारांसाठी शोधलेली ही युक्ती आहे, आणि तिचा विचार करताना माझ्या मनात ती शोधणाऱ्यांबद्दल आजही आदर दाटून येतो. वॉल्टर बर्जियस यांनी 1904 मध्ये कंपनी काढली ती मोटारी करण्यासाठी. 1906 मध्ये मोटारीचे इंजिन एका नावेत बसवून पाहिले आणि पुढे बोटीचे इंजिन हाच त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. के मालिका 1930 च्या दशकातली. तिच्यात एका सिलिंडरला 22 अश्वशक्ती असा हिशोब असतो, म्हणजे आपल्या छायाचित्रातले दोन सिलिंडरचे इंजिन 44 अश्वशक्तीचे, तेही मिनिटाला अवघ्या 750 फेऱ्यांवर.

प्रत्येक वेळी ओळख इतकी स्वच्छ पटते असे नाही. पर्किन्स या ब्रिटिश कंपनीची पी मालिका घ्या. तिच्या तीन, चार आणि सहा सिलिंडरच्या इंजिनांचा बोअर साडेतीन आणि स्ट्रोक पाच इंच असा सारखाच असतो, आणि ती इंजिने ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये तशीच बोटीतही बसवली जात. तेथे केवळ ब्लॉक पाहून काही कळत नाही. मॅनिफोल्ड, पाण्याचा पंप आणि गियरपेटी पाहावी लागते. नेमके हेच सुटे भाग तांब्या-पितळेच्या मोहाने आधी काढून विकले जातात.

हे इंजिन किलोच्या भावाने मागितले गेले आहे आणि ते गॅस कटरने तोडून नेण्याची बोलणीही झाली होती. मी शेतमालकांना दिवाळीपर्यंत थांबण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या शेतावर, जिनिंगच्या आवारात किंवा वाड्याच्या कोपऱ्यात असे अनोळखी इंजिन पडले असेल, त्यांनी ते विकण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, ठोकलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा आणि बोअर-स्ट्रोक मोजून ठेवावा. आपल्या जिल्ह्यांतील आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना हे काम शिक्षकांनी आवर्जून द्यावे, असे मला वाटते. उघडे हेड हाताळून शिकण्याची अशी संधी त्यांना पुन्हा मिळणार नाही.

छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती आपण छापावी. तसेच दोंडाईचा-शिंदखेडा भागातील कोणाकडे चार भोकांची, ‘केल्व्हिन’ आणि ‘ग्लासगो’ ही नावे असलेली पितळी पाटी जुन्या पेटीत पडलेली असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. भोकांमधले अंतर मी मोजून ठेवले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डिझेल मिस्त्री
दोंडाईचा, जि. धुळे