'पानी' म्हणणारे मूल अशुद्ध बोलत नाही

संपादक महोदय,

भाषा उपजत की संस्काराने येणारी, या विषयावर आपल्या पत्रव्यवहारात बरीच पत्रे आली. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे लेखक शेवटी एकाच ठिकाणी येऊन टेकतात: ठाणे-नवी मुंबईतल्या घणसोली, दिवा, कळवा, करावे या गावांतली आगरी-कोळी मुले 'अशुद्ध' बोलतात. उपजतवाल्यांच्या मते त्यांच्या जिभेलाच वळण नाही, संस्कारवाल्यांच्या मते घरातच काही नाही. ज्या शास्त्राचा आधार घेऊन हे लिहिले जाते, ते शास्त्र असे काहीही म्हणत नाही.

मूल ऐकलेलेच परत म्हणते आणि शाबासकी मिळाली की ते पक्के होते, या मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या मांडणीचा भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1959 साली समाचार घेतला. मूल नुसती नक्कल करत नाही, स्वतः नियम बांधते, या चॉम्स्की यांच्या म्हणण्याचा पडताळा कोणत्याही मराठी घरात मिळतो. तीन वर्षांचे मूल 'केलं' ऐवजी बेधडक 'करलं' म्हणते. घरात कुणी 'करलं' म्हणत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हे. धरलं, भरलं, चरलं यांतून त्याने स्वतःच नियम काढला आणि 'कर'लाही लावून टाकला.

जीन बर्को यांनी 1958 साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना निरर्थक शब्द देऊन अनेकवचने करायला लावली होती. तो प्रयोग मराठीत दोन मिनिटांत होतो. कागदावर एक वेडेवाकडे चित्र काढा आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला सांगा, हा गोंपा. तसेच आणखी एक काढून विचारा, आता हे दोन काय? उत्तर येते 'गोंपे'. मग विचारा, खाऊ कुणाला द्यायचा? 'गोंप्याला'. हे मूल 'सामान्यरूप' (प्रत्यय लागण्याआधी शब्दात होणारा बदल) हा शब्द शाळेत कैक वर्षांनी ऐकणार आहे. प्रयोग फसतो तो बहुधा विचारणाऱ्यामुळे. प्रश्नात तुम्हीच 'गोंपाला' म्हणालात, तर मूल तुमचेच रूप तुम्हाला परत देते. घर सदाशिव पेठेतले असो की सारसोळे गावातले, 'पा'चा 'प्या' झाल्याशिवाय राहत नाही.

ही झाली उपजत शक्ती. पण ती नुसती असून भागत नाही. निकाराग्वात 1970च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा इथल्या शाळेत कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. तोवर प्रत्येकाकडे घरापुरत्या खाणाखुणा होत्या. एकत्र आल्यावर त्यांची एक सामाईक खूणभाषा बनू लागली, आणि पुढे आलेल्या लहान वयाच्या मुलांनी तिला पक्के व्याकरण दिले. ते व्याकरण कुणा शिक्षकाने शिकवलेले नव्हते. तरीही चार सवंगडी मिळेपर्यंत ते उगवलेही नव्हते.

ध्वनींच्या बाबतीत संस्कार किती लवकर सुरू होतो, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 साली दाखवले, तेही आपल्या 'त' आणि 'ट' वर. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतला हा फरक ऐकू शकत होती. दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांची ती क्षमता ओसरली, कारण घरात तो फरक कधी कानावर पडलाच नव्हता. बाळाला घरचा पहिला शब्द फुटायच्या सुमाराला कान असा घरच्या ध्वनींना बसलेला असतो. त्यात लाज वाटावी असे काय आहे?

आता आगरी बोलीकडे वळू, कारण 'अशुद्ध'चा शिक्का तिच्यावर फार सहज मारला जातो. तिच्यात 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल'. 'व' पुढे 'इ' किंवा 'ई' आली की गळतो, म्हणून वीस म्हणजे ईस आणि विहीर म्हणजे इहीर. दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'र' होतो: घोडा-घोरा, गाडी-गारी, वडा-वरा. शब्दाच्या सुरुवातीचा 'ड' मात्र जसाच्या तसा राहतो. डोळ्याचा डोला होतो, रोला कधीच नाही. डोंगराला कुणी रोंगर म्हणत नाही. जीभ जड असती तर तिने असा भेद केला असता का? त्यामागे उच्चाराचे साधे कारण आहे. प्रमाण मराठी बोलतानाही 'गाडी'तल्या 'ड'ला जीभ टाळूवर टेकून राहत नाही, मागे वळून एक फटका मारते आणि पुढे येते. ते मागे वळणे कमी झाले की उरतो 'र'. 'डोंगर' म्हणताना जीभ पूर्ण टेकते, म्हणून तिथला 'ड' टिकतो. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (1905) उत्तर कोकणातल्या बोलींच्या नोंदी आहेत. त्यांतही हा 'घोरा' भेटतो. तेव्हा आजकालच्या पोरांचा आळस, मोबाइलचा परिणाम वगैरे निदाने बाजूला ठेवावीत. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत ठाण्याच्या वारली बोलीसाठी एक अख्खा खंड दिला होता, हेही ठाणेकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 साली आली आणि 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. आज कोपरखैरण्यातल्या एका वर्गात गाववाल्यांच्या मुलांशेजारी सातारा-सांगलीकडच्या माथाडी कुटुंबांतली मुले बसतात, मालवणी आणि वऱ्हाडीही असतात. 'मला' या शब्दासाठी आगरी 'मना' म्हणतो, मालवणी 'माका'. 'डोळा' हा शब्द वऱ्हाडी मूल 'डोया' म्हणते आणि आगरी मूल 'डोला'. बाई दोघांनाही चूक ठरवतात. खरे तर दोघेही आपापला नियम काटेकोर पाळत असतात. माणसे शेजारी राहिली की व्याकरणेसुद्धा एकमेकांकडे सरकतात. सांगलीजवळच्या कुपवाडवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याचाच आहे: मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द आपापले, पण वाक्याची घडण जवळपास एक.

प्रमाण मराठी शिकवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. घणसोलीतल्या आईबापांना आपल्या मुलीने स्पर्धा परीक्षेचा पेपर नीट लिहावा असे वाटते, आणि त्यांचे बरोबर आहे. त्यांना 'बोलीचा वारसा जपा' असे सांगणारे बहुधा स्वतःच्या मुलांना दुसऱ्याच माध्यमात घालून मोकळे झालेले असतात. प्रश्न शिकवण्याच्या रीतीचा आहे. भर वर्गात 'पानी नाही, पाणी म्हण' असे दहादा टोकले की मुलाला एवढेच कळते की आपला 'न' चुकीचा. मग ते दिसेल त्या 'न'चा 'ण' करते. 'मन'चे 'मण' होते. 'ळ'साठी टोकले की तसेच 'फूल'चे 'फूळ'. 'ड-र'ची गफलत तर आणखी नाजूक. आगरीत वाडा आणि वारा दोन्हींचा उच्चार 'वारा' होतो, त्यामुळे घाबरलेले मूल 'आज खूप वाडा सुटला' असे लिहून ठेवते. ही चूक बोलीची नव्हे, ती टोकण्यातून आलेली आहे.

क्रम ऐकणे, बोलणे, लिहिणे असा हवा, आणि एका वेळी एकच जोडी. सुरुवात 'ल-ळ'पासून करावी, कारण त्याच्या शब्दजोड्या भरपूर मिळतात: काल-काळ, माल-माळ, वेल-वेळ, मूल-मूळ. फळ्यावर दोन शब्द लिहायचे, शिक्षकाने तोंडापुढे वही धरायची (नाहीतर मूल ओठ-जीभ पाहून ओळखते), एक शब्द म्हणायचा आणि मुलाने बोट दाखवायचे. दहापैकी आठ वेळा बरोबर आले तरच पुढे जायचे. कानाला फरक कळण्याआधी उच्चार करायला लावला, की वर सांगितलेला 'फूळ' पदरी पडतो. मग उच्चार: जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि झटक्यात पुढे आणायचे. मराठी शब्द 'ळ' किंवा 'ण'ने सुरू होत नाही, म्हणून सुटे 'ळ, ळ, ळ' घोकून घेण्यात वेळ घालवू नये. 'आळा, इळा, ओळ' असा स्वरांच्या सोबतीने सराव द्यावा. रोज पाच-सात मिनिटे पुरतात. त्यानंतर 'न-ण' (मन-मण, खान-खाण, वन-वण) आणि 'ड-र' सगळ्यात शेवटी. वहीत दोन रकाने आखून एकावर 'घरी', दुसऱ्यावर 'शाळेत' लिहावे. घरचा रकाना मुलांनीच भरायचा. त्यावर लाल पेन फिरवायचा नाही.

एक खबरदारी. पाच वर्षांनंतरही मूल 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, तर ती बोली नव्हे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आजी कशी बोलते ते पाहावे. आजीही 'पानी' म्हणत असेल तर ती बोली. आजी 'काका' आणि नातू 'ताता' म्हणत असेल तर आधी कान तपासून घ्यावेत आणि वाचातज्ज्ञ गाठावा. वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की धडधाकट मुलावर उपचार सुरू होतात आणि ज्याला गरज आहे ते तसेच राहते.

प्रमाण भाषेचा गर्व करणाऱ्यांनी तिचाही इतिहास पाहावा. साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम 1962 साली मान्य झाले, चारांची भर 1972 साली पडली. त्याआधी शाळेत 'नांव', 'केलें' हेच शुद्ध होते. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि रातोरात 'नाव' शुद्ध झाले. मालवणीत मात्र त्या अनुस्वारांनी दाखवलेले नाकातले स्वर अजून ऐकू येतात. आणि हळदीच्या रात्री आगरी गाण्यांवर सगळे ठाणे नाचते, रीलमधल्या आगरी संवादाला हसून दाद देते. तोच उच्चार सोमवारी वर्गात आला की भुवया उंचावतात.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शिक्षण विभागांनी निदान दोन गोष्टी लगेच कराव्यात. तोंडी परीक्षेत 'ण', 'ळ', 'ड' यांच्या बोलीतल्या उच्चारासाठी गुण कापू नयेत. लेखी परीक्षेत तीच चूक त्याच पेपरात कितीही वेळा आली तरी गुण एकदाच कापावा, आणि समासात कोणत्या जोडीचा सराव हवा ते लिहून द्यावे.

– मराठी आणि भाषाविज्ञान शिकवणारे दोघे, ठाणे