मधलं नाव

बेलफास्ट, 12 ऑक्टोबर 2025

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस ते मी टाळलं. माझा आवाज बदलला की तुझं बीपी वाढतं, म्हणून लिहितेय. पत्र पोचायला वेळ लागेल, तोवर बाळादादाच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवते, तो वाचून दाखवील.

काकांच्या प्रथम पुण्यस्मरणाची पेपरात जाहिरात द्यायची आहे आणि खाली माझं नाव कसं घालावं यावर गाडं अडलंय, बरोबर? 'कन्या' लिहावं तर मधलं नावही जुळत नाही आणि आडनावही नाही. 'सावत्र' लिहायला बाळादादा धजत नाही. शहाणा आहे तो. सावत्र म्हटलं की लोकांना आई आठवते आणि तिचा छळ. सावत्र बापाचं काय करायचं हे आपल्या भाषेला कधी ठरवताच आलेलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे आचऱ्याच्या शाळेतला तो दिवस येतो. तुमचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. मी सात वर्षांची. काका दाखला घेऊन माझं नाव घालायला गेले होते. गुरुजींनी टाक बुडवला आणि काकांचंच नाव लिहायला घेतलं, चांगल्या मनानेच. काकांनी वहीवर हात ठेवला. "बापाशीचा नाव आसा तसा रवांदे." एवढंच. गुरुजी बघतच राहिले. येताना मला त्यांनी दुकानातून लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या. मला वाटलं, यांना मी नको आहे. आई, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

दहावीच्या फॉर्मच्या वेळी मी रागातच विचारलं, की तुम्हाला तुमचं नाव का द्यायचं नाही? तेव्हा ते पिरावाडीत कुणाच्या तरी होडीचं इंजिन उघडून बसले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकत होते, तसेच ऐकता ऐकता म्हणाले, "गिरण गेली, मानूस गेलो. आता नावय मीच घेव काय?" 1982 चा गिरणी संप, बाबांचं मुंबईहून हात हलवत परतणं, पुढच्या वर्षी आजारात जाणं, हे सगळं त्यांनी कुणाकडून ऐकलं होतं कोण जाणे. तू सांगितलं असशील. पण बाबांना कधी न पाहिलेल्या माणसाने बाबांची राखण केली. त्या दिवसापासून मी त्यांना मनातून काका म्हणू लागले. त्याआधी नुसतं तोंडाने म्हणत होते.

आणि ती गावपळण! लग्नानंतरची पहिलीच. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला, सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर. तुला त्यांच्या नातेवाइकांच्यात राहायचा संकोच वाटत होता, तू चुलीपाशीच बसून असायचीस. काकांनी दोन झाडांमध्ये माझ्यासाठी झोळी बांधली. नेव्हीतली गाठ, बोलाइन. कितीही ओझं पडलं तरी घसरत नाही आणि सोडायची म्हटली की एका बोटाने सुटते. तीन दिवसांत त्यांनी मला ती शिकवली, अंधारातसुद्धा बांधता आली पाहिजे म्हणून डोळे मिटायला लावून. बायका कुजबुजत होत्या, आता याला स्वतःचं मूल होईल तेव्हा बघू. झालं नाही. पुढे कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "एक आसा मा. आनी कित्याक?"

त्यांच्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेचं तुला नव्याने काय सांगू, तुझं तर ऐकून ऐकून पाठ झालं असेल. 1971 च्या युद्धात ते एकवीस वर्षांचे, बॉयलर रूममध्ये. चारांतला एक बॉयलर तडकलेला, तीनवरच बोट बंगालच्या उपसागरात नेलेली. तीन बॉयलरांवर वेग कमी, त्यात विमान उडवायच्या कॅटापुल्टलाही वाफ तिथलीच. 4 डिसेंबरला त्यांच्या डोक्यावरून सी हॉक विमानं उडाली ती पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला करायला. काकांना त्यातलं काही दिसलं नाही, वर काय चाललंय ते वाफेच्या काट्यावरून कळायचं म्हणे. नौदल दिन मात्र कराचीवरच्या हल्ल्याचा. "आमचा नाव कोण काढीत नाय," हे दर डिसेंबरला ठरलेलं. 2023 ला नौदल दिन थेट आपल्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला, तेव्हा संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार ही युद्धातली पदकं लावून ते सकाळपासून तयार बसले होते, हे तूच सांगितलंस.

2014 मध्ये बोट भंगारात काढली तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. आणि मग मालवणच्या बाजारातली ती बजाजची मोटरसायकल, विक्रांतचं पोलाद वितळवून घातलेली! टाकीवर थाप मारून त्या पोराला म्हणाले, "ह्या टाकीत माझी बोट आसा." पोरगा बिचारा घाबरला, मग त्यानेच त्यांना भरड नाक्यापर्यंत चक्कर मारून आणली.

आता एक कबुली. मी नोकरीला इथे आले तेव्हा त्यांना किती आनंद झाला होता, कारण विक्रांत 4 मार्च 1961 ला नौदलात दाखल झाली ती इथेच, बेलफास्टमध्ये. मी गोदीतल्या दोन अवाढव्य पिवळ्या क्रेनचा फोटो पाठवला. त्यांनी तो फ्रेम करून ओटीवर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की ह्याच क्रेननी माझी बोट उभी केली. नंतर मी वाचलं, एक क्रेन 1969 ची आणि दुसरी 1974 ची. बोट तर तेव्हा मुंबईत येऊन किती वर्षं झाली होती! मी गप्प बसले. तूही ओटीवरचा फोटो काढू नकोस आणि बाळादादाला हे सांगू नकोस.

दिवाळीनंतर ते गेले तेव्हा मी विमानात होते. पोचले तेव्हा ओटीवर तू एकटी बसली होतीस आणि त्यांची काठी दाराला टेकवलेली होती. त्याबद्दल मला आज लिहिता येणार नाही.

तर जाहिरातीत माझं पूर्ण नाव घाला. मधे बाबांचं नाव, शेवटी बाबांचं आडनाव, आणि पुढे 'कन्या'. वाचणाऱ्याला कोडं पडलं तर पडू दे. पेपरवाल्याने 'चूक झाली का' म्हणून फोन केला तर बाळादादाने 'नाही' म्हणावं आणि ठेवून द्यावा.

विहिरीच्या रहाटाची दोरी कुजलीय म्हणालीस. नवीन आणून ठेव, पण बांधून घेऊ नकोस कुणाकडून. सुट्टी मंजूर झालीय, तिथीच्या चार दिवस आधी पोचते. ती गाठ मी घालीन.

तुझी,
बाय