साबरमती पाहून आल्यावर

अहमदाबाद

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

"आई, आधी साबरमती बघून ये, मग मुठेवर बोलू," म्हणाला होतास, पुण्यात मुठेलाही साबरमतीसारखा बांधीव नदीकाठ, म्हणजे रिव्हरफ्रंट, करण्याचा विषय निघाला तेव्हा. बघून आले. तुझे बाबा अटल पुलावर फोटोच काढत बसले. पतंगांवरून सुचलेला, फक्त पायी चालणाऱ्यांसाठीचा 300 मीटरचा पूल, 2022 मधला. मध्ये पायाखाली काच आहे. मी कडेकडेने गेले, हसू नकोस.

खोटं कशाला बोलू, रिव्हरफ्रंट मला आवडला. रात्रीसुद्धा बायका, पोरं, म्हातारे निवांत फिरतात. आपल्याकडे नदीकाठी नाक न दाबता उभं राहता येतं का?

पण ते पाणी साबरमतीचं नव्हेच, असं तुझी आत्या म्हणाली. नर्मदेच्या कालव्यातून सोडतात आणि खाली वासणा बंधाऱ्याने अडवून ठेवतात. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा वर्षातले बरेच महिने पात्र कोरडं असे. त्यात भाजीपाला पिके, सर्कशीचे तंबू लागत, धोबी कपडे वाळत घालत. मग दोन्ही काठांना भिंती घातल्या, पात्र आखून घेतलं, मागे भर टाकून जमीन काढली. दहा हजारांहून जास्त झोपड्या उठल्या. कित्येकांना पार वटव्याकडे घरं मिळाली. कामधंदा मात्र इकडेच. रविवारचा गुजरी बाजार टिकला, पण आता आखीव ओट्यांवर बसतो. मला तिथे एक पितळी अडकित्ता मिळाला, तुझ्या आजीसाठी.

जुनं शहर घाईतच पाहिलं. रायखडला गायकवाडांची हवेली आहे. एके काळी इथला कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेला होता, हे शेजारच्या चहावाल्याच्या गावीही नव्हतं!

आता तुझ्या मुठेचं. आराखडा इथल्याच वास्तुविशारदांचा म्हणून नदीही इथल्यासारखी होत नाही. साबरमती कोरडी होती, तिच्यात पाणी आणावं लागलं. मुठेला पावसाळ्यात खडकवासल्याचं पाणी सुटलं की भिडे पूल बुडतो, आणि एरवी वाहतं ते बहुतेक सांडपाणी. तेव्हा आधी मैलापाणी शुद्ध करायचं बघा, पुराला जागा किती लागते ते मोजा. बाक आणि दिवे नंतर. तुमच्या कॉलेजात पूररेषेचे नकाशे असतील तर काढून ठेव. रविवारी आल्यावर बघेन, आणि मग बाबांशी तूच भांड.

तुझी,
आई